हँडल जड का होतं?

(आमच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘माझा आयटीतला प्रवास’ असा विषय दिला होता. तो प्रवास बहुतेक एकाच खुर्चीत बसून झाला. त्यात सांगण्यासारखं फार नाही, म्हणून मी विषय बदलून मागितला. शनिवार-रविवारी मी जे करते त्याबद्दल बोलते. मी तांब्याची तार गुंडाळते. तिच्या कॉइल करते, त्यांच्यासमोर चुंबकं फिरवते आणि किती वीज निघते ते मोजून वहीत लिहिते. घरी याला ‘आईचं भंगार’ म्हणतात. या टेबलावर ठेवलंय ते त्यातलंच एक. दोन लोखंडी तबकड्या, प्रत्येकीवर बारा चुंबकं, मधे नऊ कॉइल, बाजूला हँडल आणि स्कूटरच्या इंडिकेटरचे तीन दिवे.

हा विषय आजच का, तेही सांगते. आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेल्या वर्षभरात एकाच प्रकारचे व्हिडिओ किती आले ते आठवा. एक मोटर, तिच्या पट्ट्यावर मोठं चाक, चाकावर दुसरा पट्टा, त्यावर जनरेटर. जनरेटरची वायर परत पहिल्या मोटरीत. एक माणूस हात लावून चाक फिरवतो, वीस दिवे लागतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आयुष्यभर फुकट वीज’. आपण अंगठा दाखवतो आणि पुढे पाठवतो.

आपल्यातल्या एकाने तो पुढे न पाठवता मला फोन केला. तो इथेच आहे, संत्र्याची बाग आहे त्याची, आणि नाव न घेता सांग म्हणाला म्हणून सांगते. तो म्हणाला, “तू इंजिनिअर होय ना, मंग सांग, हे खरं होय का? पंच्याऐंशी हजार मांगून राह्यला.” मी विचारलं, तुला कशाला हवंय? त्यावर तो जे बोलला ते कारंज्यात कोणालाच समजावून सांगावं लागणार नाही. “रातची लाइन असली का मोटर सुरू कराले सापाविंचवात जा लागते. हे यंत्र आलं का दिवसा पाणी.”

आपण शहरात गेलेले लोक अशा व्हिडिओंना हसतो. पण रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावरून जाणाऱ्या माणसाला ती हाव वाटत नाही, ती गरज आहे. त्या गरजेचाच धंदा होतोय. दहा हजार त्याने फोनवरून आधीच दिले होते. उरलेले आंबिया बहाराचे पैसे आले की द्यायचे होते. त्याला मी फोनवर ‘फसवणूक आहे’ एवढं सांगून मोकळी होऊ शकले असते. पण असं सांगितलेलं टिकत नाही, कारण समोरचा म्हणतो, ‘अहो, मी डोळ्यांनी दिवे लागलेले पाहिले.’ दिवे लागलेले त्यानेही पाहिले होते. म्हणून थोडं मुळातून.

आपल्या प्रयोगशाळेत सरांनी एकदा कॉइलमध्ये पट्टीचुंबक आत-बाहेर केला होता आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला होता. मागच्या बाकावरून काटा दिसला नाही, पण ‘हलला, हलला’ असा आवाज आपण सगळ्यांनीच केला. पुढे परीक्षेत फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम आला, तेव्हा निम्मा वर्ग टेबलाखाली बोटं वाकडी करत होता. जनरेटर म्हणजे एवढंच. कॉइलजवळ चुंबकत्व बदलत राहिलं की तारेत वीज ढकलली जाते. वेढे जास्त, चुंबक जोरदार, फिरणं वेगात, तर ढकल मोठी.

हे १८३१ साली मायकेल फॅरेडेने दाखवलं. तो लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे शिकाऊ म्हणून राहिलेला. २९ ऑगस्टला त्याने सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर हाताने तांब्याची तार गुंडाळली. त्या काळी आजच्यासारखी वॉर्निश चढवलेली तार दुकानात मिळत नव्हती. वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्याने मधे सुतळी आणि सुती कापड घातलं. कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं. वीज निर्माण करणाऱ्या पहिल्या कॉइलमध्ये कापूस होता. ऑक्टोबर संपायच्या आत त्याने चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सतत वाहणारी वीज काढली होती.

कॉइल गुंडाळायला मात्र मी फॅरेडेकडून शिकले नाही, आपल्या गावातल्या एका वाइंडिंगच्या दुकानात शिकले. संत्र्याच्या भागात मोटरी जळतात, त्यामुळे वाइंडिंगवाला म्हणजे डॉक्टरइतकाच महत्त्वाचा. सुट्टीत आले होते, चार दिवस त्यांच्याकडे बसले. बोर्डावर नाव काकांचं, पण बारीक तारेच्या कॉइल काकू करतात. जळकी तार काढायची, जुने टर्न मोजायचे, तारेचा नंबर गेजवर पाहायचा, खाचेत कागद बसवायचा, कॉइल भरायची, टोकांवर स्लीव्ह चढवायची, दोऱ्याने बांधायची, मग वॉर्निश. मी पहिल्या दिवशी तार ताणून गुंडाळत होते. काकू म्हणाल्या, “तिले ओढू नको वो, बसू दे तिले.” ताणली की तार बारीक होते आणि वरचं वॉर्निश तडकतं. दोन वेढे आतून एकमेकांना टेकले की वरून सुंदर दिसणारी कॉइल तासाभरात काळी पडते.

मोजण्याची त्यांची पद्धत मला फार आवडली. शंभर वेढे झाले की एक चिंचोका डब्यात. मधेच गिऱ्हाईक आलं, फोन आला, दूध उतू गेलं, तरी डब्यात सात चिंचोके म्हणजे सातशे. संगणकात आम्ही एका ओळीत ‘हजार वेळा कर’ असं लिहितो आणि चहाला जातो. हाताने हजार वेढे घेतले की हजार हा आकडा केवढा आहे ते मनगटाला कळतं.

आता बहुतेक लोक जिथे अडकतात तिथे येते. कॉइल तयार झाली की माणूस पहिल्यांदा काय करतो? मीटर लावतो. समजा तुम्ही ३६ नंबरची केसासारखी तार घेतली, १००० वेढे घेतले, एका वेढ्याची लांबी साधारण १० सेंटीमीटर. चुंबक फिरवला, मीटरवर १२ व्होल्ट. आनंद! बारा व्होल्ट म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीएवढे! पण मीटर जवळजवळ काहीच वीज खात नाही. त्याच्यासमोर कुठलीही कॉइल शेर असते. त्या तारेची एकूण लांबी १०० मीटर आणि तिचा स्वतःचा रोध सुमारे ६० ओहम. आता तिला १२ ओहमचा भार जोडा. बारा व्होल्ट टिकले असते तर त्यातून १२ वॉट मिळाले असते. प्रत्यक्षात भाराच्या वाट्याला येतात २ व्होल्ट, म्हणजे एक तृतीयांश वॉट. बाकीचे व्होल्ट तारेतच खर्च होतात आणि कॉइल गरम होते. त्याऐवजी जाड तार घेऊन वेढे कमी करा, मीटरवर आकडा छोटा दिसेल, पण दिवा लागेल. व्हिडिओत नुसता व्होल्टमीटर दाखवला असेल तर त्याने काहीच दाखवलेलं नाही. एक एलईडी लावून दाखवला असेल तरीही नाही. एलईडी दोन-चार मिलिअँपिअरवरही लुकलुकतो.

दुसरी गोष्ट सांगायला हे हँडल आणलंय. आता एकही दिवा जोडलेला नाही. (इथे मी समोर बसलेल्या एका मैत्रिणीला बोलावून हँडल फिरवायला दिलं.) बघा, एका बोटाने फिरतंय. आता एक दिवा जोडते. जड झालं? आता दुसरा. आता तिसरा. तिच्या चेहऱ्याकडे बघा! आता दिवे काढते आणि कॉइलच्या तिन्ही वायरी एकमेकींना जोडते. फिरव. फिरत नाही ना? कुठे ब्रेक लावलाय मी? पवनचक्की करणारे लोक वादळात चक्की थांबवायला हेच करतात, वायरी जोडून टाकतात.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. सायकलचा डायनॅमो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं. त्यात थोडा भाग घासण्याचा असतो, पण दिव्याच्या विजेचाही असतो. कॉइलमधून वीज वाहू लागली की ती कॉइल स्वतःच चुंबक होते, आणि आपल्याला फिरवणाऱ्या चुंबकाला मागे ओढते. लेन्झने हा नियम १८३४ साली मांडला. जेवढी वीज बाहेर, तेवढी ओढ मागे. दिव्यात जे जळत होतं ते आत्ता हिच्या दंडातून आलं. आपल्या जिल्ह्याशी नातं असलेलं एक उदाहरण आहे. बंगळुरूच्या आर. एस. हिरेमठ यांनी ई-चरखा केला. सूत कातता कातता त्याला जोडलेला छोटा जनरेटर फिरतो, बॅटरी भरते आणि संध्याकाळी त्यावर एलईडी दिवा लागतो. छान यंत्र आहे, आणि प्रामाणिक. दिव्याची वीज कातणाऱ्या बाईच्या हातातून येते, हे त्यात कोणी लपवत नाही.

मग आपल्या मित्राच्या यंत्रात वीज कुठून येणार होती? विकणारा म्हणत होता, मोठ्या चाकातून. चला, चाक मोजू. ५० किलोचं, ६० सेंटीमीटर व्यासाचं भरीव चाक घ्या आणि मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरवा. भीती वाटावी असा वेग आहे हा. त्यात साठलेली सगळी ऊर्जा काढून घेतली तर पाच एचपीचा पंप किती वेळ चालेल? सात सेकंद. चाक ही टाकी आहे, विहीर नाही. भरली तेवढीच रिकामी होणार. आणि मोटरीने जनरेटर फिरवून परत मोटर चालवायची म्हटलं, तर चांगली मोटर शंभरातले पंच्याऐंशी देते, पट्टा त्यातले पाच टक्के खातो, जनरेटर पुन्हा पंधरा टक्के खातो. शंभर वॉटचे परत येताना एकोणसत्तरही होत नाहीत. पुढच्या फेरीला आणखी कमी.

हे स्वप्न जुनं आहे, आणि मला त्याची चेष्टा करायची नाही. आपल्या भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पारा भरलेल्या पोकळ आऱ्यांचं, आपोआप फिरत राहणारं चाक वर्णन केलं आहे. एवढा मोठा गणिती! युरोपात पुढे कितीतरी शतकं लोक अशी चाकं करत राहिले, आणि शेवटी १७७५ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने जाहीर केलं की असे प्रस्ताव आम्ही यापुढे तपासणारच नाही. मला अकादमीचा तो निर्णय समजतो, पण आवडत नाही. तपासायला काय हरकत आहे? तपासायची पद्धत तेवढी धड हवी.

मित्राला मी तेच सांगितलं. भांडू नकोस, पोलिसांत जाऊ नकोस, फक्त म्हण की यंत्र माझ्या शेतात आणा, बोर्डाला जोडलेली एकही वायर नको, माझी पाच एचपीची मोटर लावा आणि आठ तास चालवा. आठ तासच का? पाच एचपीची मोटर आठ तासांत साधारण ३५ युनिट खाते. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी, १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची, पूर्ण भरलेली असली तरी पावणेदोन-दोन युनिट देते. म्हणजे आत बॅटऱ्या लपवायच्या तर वीस लागतील, आणि वीस बॅटऱ्या पत्र्याच्या डब्यात लपत नाहीत. पंधरा मिनिटांच्या प्रात्यक्षिकात काहीही लपतं. वेळ वाढवला की लपत नाही.

विकणारा आधी म्हणाला, “दाखवतो.” मग म्हणाला, “एवढा वेळ चालवलं तर गरम होतं.” मग, “आतलं सीक्रेट आहे, शेतात उघड्यावर नेता येत नाही.” मग फोन लागेना. दहा हजार गेले. पंच्याहत्तर राहिले. त्याच पंच्याहत्तरातून काय करता येईल ते आम्ही नंतर बसून पाहिलं. सौर पंपाची योजना आहे, त्याचे कागद भरायचे आहेत. ज्या फीडरला सौर कृषी वाहिनी जोडली गेलीय तिथे दिवसा लाइन मिळते. त्यात रांग आहे, चकरा आहेत, सगळं आहे. पण तिथे वीज सूर्याकडून येते हे तरी नक्की असतं.

एक हिशेब मात्र त्याच्या डोक्यात पक्का बसला, आणि तो तुम्हीही घेऊन जा. धडधाकट माणूस सायकल मारून तासन्‌तास देऊ शकतो ती ताकद साधारण ७५ वॉट. त्याच्या पंपासाठी अशी पन्नास माणसं एकाच वेळी पायडल मारत बसवावी लागतील. तो म्हणाला, “म्हंजे लाइनीत पन्नास मजूर येतात थे?” हो. आणि बटण दाबलं की येतात.

मग ‘घरचं जनरेटर’ हा नाद निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. मी ज्यांच्या पुस्तकावरून हे यंत्र केलं ते ह्यू पिगॉट स्कॉटलंडमध्ये स्कोरेग नावाच्या द्वीपकल्पावर राहतात. तिथे गाडीरस्ता जात नाही, होडीने जायचं किंवा चालत. १९७०च्या दशकापासून त्यांनी तिथे हाताने कोरलेली लाकडी पाती आणि हाताने गुंडाळलेल्या कॉइल वापरून पवनचक्क्या केल्या, आणि सगळी कृती पाककृतीच्या पुस्तकासारखी लिहून टाकली. कुठल्या मापाच्या चक्कीला किती वेढे, कुठली तार, किती वाऱ्याला किती वीज. त्यांच्या पुस्तकात सीक्रेट नावाची गोष्ट नाही. जगभरातल्या लोकांनी त्यावरून चक्क्या केल्या. आणि आपल्या पुण्यात अरविंद गुप्ता! आयआयटीत शिकलेला हा माणूस आयुकाच्या विज्ञान केंद्रात बसून टाकाऊ वस्तूंची खेळणी करत राहिला. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तारेची एक कॉइल यांची मोटर फिरताना एकदा पाहिली की पोरगं ती घरी केल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट आहेत. तीच खरी फुकट गोष्ट!

या नादातली एक बाब गंमतीची नाही. घरी केलेला असो की विकत आणलेला, कुठलाही जनरेटर दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरीने घराच्या बोर्डात खुपसू नका. लाइन गेलेली असते, लाइनमन खांबावर चढलेला असतो. तुमच्या घरातली वीज उलटी डीपीपर्यंत जाते, आणि तो ट्रान्सफॉर्मर ती पुढच्या बाजूला ११,००० व्होल्टपर्यंत चढवू शकतो. खांबावरचा माणूस लाइन बंद आहे असं समजून हात लावतो. चेंजओव्हर स्विच लावा, तोही नीट येणाऱ्या वायरमनकडून. आपल्या वर्गातले दोघे महावितरणात आहेत, ते मान डोलावतायत बघा.

आता माझी मागणी. मेळाव्याच्या शिल्लक निधीतून शाळेला काय द्यायचं यावर सकाळी चर्चा झाली. पंखे, पाण्याचा कूलर, स्वागत कमान अशा सूचना आल्या. पंखे जरूर द्या. कमानीऐवजी मात्र प्रयोगशाळेला एक पेटी द्या. २२ आणि ३० नंबरची वाइंडिंगची तार, चुंबकं, साधे डिजिटल मीटर, एलईडी, इंडिकेटरचे दिवे. नववी-दहावीच्या प्रत्येक मुला-मुलीने एक कॉइल स्वतः गुंडाळावी, ती दिव्याला जोडावी आणि हँडल जड होतंय का ते स्वतःच्या हाताने पाहावं. वाइंडिंगच्या काकूंना मी विचारलंय. वर्षातून एक शनिवार त्या शाळेत येऊन शिकवायला तयार आहेत. मानधन घेणार नाही म्हणाल्या, ते आपण द्यायचं. चिंचोके मुलांना कमी पडणार नाहीत.

हे यंत्र चहा होईपर्यंत इथेच आहे. जवळ येताना मोबाइल आणि एटीएम कार्ड जरा लांब ठेवा, आणि तबकड्यांच्या फटीत बोट घालू नका, ही चुंबकं चिमटा जोरात घेतात. सर, तिन्ही दिवे लावून ठेवलेत. पहिलं हँडल तुमच्या हातात.